विमानतळावरचं वाय-फाय आणि हवेची मालकी

मुंबईच्या विमानतळावर फोनचं वाय-फाय चालू केलं की लगेच इंटरनेट मिळत नाही. आधी एक पान उघडतं. त्यात मोबाइल नंबर टाका, छोट्या चौकोनात टिक करा, ओटीपीची वाट बघा, तो टाका, मग ठरावीक वेळापुरतं इंटरनेट. कधी कधी ते पानच उघडत नाही आणि आपण उगाच ब्राउझर चालू-बंद करत बसतो. या सगळ्याची आपल्याला इतकी सवय झालीये की हे पान म्हणजे वाय-फायचाच एक भाग आहे असं वाटतं.

पण ते तसं नाहीये. एम.एस्सी.ला वायरलेस कम्युनिकेशनचा पेपर असलेल्या कुणालाही हे पटायला हरकत नाही. फोन आणि छतावरचा ॲक्सेस पॉइंट यांची जोडणी ते पान दिसायच्या आधीच झालेली असते. फोनला आयपी पत्ता मिळालेला असतो. रेडिओचं काम संपलेलं असतं. पुढे जे अडवलं जातं ते पलीकडच्या गेटवेवर. तिथे एक यंत्र तुमची प्रत्येक मागणी पकडतं आणि तुम्ही मागितलेल्या पानाऐवजी स्वतःचं पान पुढे करतं. याला ‘कॅप्टिव्ह पोर्टल’ म्हणतात. मी त्याला टोलनाका म्हणतो. रस्त्याला टोलनाक्याची गरज नसते. गरज असते ती रस्ता कुणाचा हे ठरवणाऱ्याला.

तर या लेखात मी त्या पानाचा इतिहास सांगणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: पानावरचा प्रत्येक रकाना ही कुठल्यातरी भांडणाची खूण आहे, आणि ही भांडणं फिरून फिरून एकाच प्रश्नाशी येतात. इमारत विमानतळाची असेल, पण इमारतीतल्या रेडिओलहरी कुणाच्या?

सुरुवात कुणालाही नको असलेल्या पट्ट्यांपासून करू. रेडिओलहरींचा वापर जगभर साधारणपणे परवान्यावर चालतो. अमुक फ्रीक्वेन्सी आकाशवाणीची, तमुक पोलिसांची, असं. अमेरिकेत हे वाटप फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, करतं. मे १९८५ मध्ये एफसीसीने तीन पट्टे परवान्याशिवाय वापरायला खुले केले: ९०२ ते ९२८, २४०० ते २४८३.५ आणि ५७२५ ते ५८५० मेगाहर्ट्झ. अट एवढीच की स्प्रेड स्पेक्ट्रम पद्धत वापरायची. एफसीसीमधले इंजिनिअर मायकेल मार्कस यांनी हा विषय लावून धरला होता. हे पट्टे मुळात उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातल्या यंत्रांसाठी राखलेले. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तेव्हा इथे खरखर ठरलेलीच. म्हणूनच कुणी त्यासाठी भांडत नव्हतं.

या परवानामुक्त वापराला दोन अटी होत्या आणि त्या नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. एक, परवाना असलेल्या कुणाला उपद्रव द्यायचा नाही. दोन, दुसऱ्याकडून होणारा उपद्रव निमूटपणे सोसायचा. म्हणजे इथे कुणालाच संरक्षण नाही. इथे सगळे पाहुणेच.

पुढचं बरंच तुम्हाला माहीत असेल, म्हणून पटकन सांगतो. पाकिटं रेडिओवरून पाठवायची कल्पना नवी नव्हती. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ मध्येच अलोहानेट चालवून दाखवलं होतं. पण खुल्या पट्ट्याचा पहिला मोठा फायदा उठवला तो दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या एनसीआर कंपनीने. दुकानाची मांडणी बदलली की दर वेळी वायर ओढायचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांच्या नेदरलँड्समधल्या शाखेतले व्हिक हेस १९९० मध्ये सुरू झालेल्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये मानक आलं, वेग १ ते २ मेगाबिट. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं, ११ मेगाबिट. त्याच वर्षी ‘वाय-फाय’ हे नाव ठरलं, आणि जुलैमध्ये ॲपलने आयबुक लॅपटॉपबरोबर बिनतारी कार्ड आणि बेस स्टेशन बाजारात आणलं. त्यांनी त्याला नाव दिलं होतं ‘एअरपोर्ट’! खऱ्या विमानतळाशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता.

खऱ्या विमानतळांवर मात्र काही मंडळी आधीच पोचली होती. टेक्सासमधल्या मोबाइलस्टार कंपनीने अमेरिकन एअरलाइन्सच्या ॲडमिरल्स क्लबांमध्ये बिनतारी जाळी बसवायला घेतली. ऑस्टिनची वेपोर्ट कंपनी हॉटेलं आणि विमानतळ धरून चालली होती. विमानतळच का, तर हिशेब सरळ होता. लॅपटॉप असलेला, कंपनीच्या खर्चाने फिरणारा, दोन तास एका खुर्चीत अडकलेला आणि ईमेल बघायला उतावीळ झालेला माणूस एवढ्या संख्येने दुसरीकडे कुठे सापडणार? त्याच्याकडून दिवसाचे सात-आठ डॉलर घ्यायला काही वाटत नव्हतं.

कॅप्टिव्ह पोर्टल जन्माला आलं ते या गरजेतून. लॅपटॉपमध्ये वेगळं सॉफ्टवेअर बसवायला सांगितलं तर अर्धे लोक निघून जातात. म्हणून जाळं उघडं ठेवायचं, कुणालाही जोडू द्यायचं आणि पहिलं पान उघडताना क्रेडिट कार्डचा नंबर मागायचा. ब्राउझर तर सगळ्यांकडे असतोच. युक्ती फारच सोयीची होती. तिची किंमतही होती, ती अशी की हवेतली जोडणी पूर्ण उघडी राहिली. पैसे भरलेल्या प्रवाशाची पाकिटंही शेजारच्या खुर्चीतल्याला वाचता येत होती. टोलनाका भक्कम, रस्त्यावर दिवे नाहीत, असा प्रकार. हे दुखणं पुढे जवळजवळ १० वर्षं चाललं.

धंदा म्हणून यातल्या बऱ्याच कंपन्यांचं काही खरं नव्हतं. मोबाइलस्टारने २००१ च्या सुरुवातीला स्टारबक्सशी मोठा करार केला आणि त्याच वर्षी कंपनी बुडाली. जाळं गेलं व्हॉइसस्ट्रीमकडे, म्हणजे पुढच्या टी-मोबाइलकडे. वेपोर्ट टिकली. तिला २००८ मध्ये एटी अँड टीने २७.५ कोटी डॉलरना घेतलं. पण मला कंपन्यांपेक्षा रस आहे तो घरमालकात, म्हणजे विमानतळ चालवणाऱ्या संस्थेत. दुकानं, पार्किंग, जाहिरातींचे फलक या सगळ्यांचं भाडं तीच घेते. तिला वाटणारच की हवेचंही भाडं आपलं. इथूनच बॉस्टनचा खटला उभा राहतो.

बॉस्टनचा लोगन विमानतळ मॅसपोर्ट ही सार्वजनिक संस्था चालवते. २००४ मध्ये मॅसपोर्टने एका कंपनीला पूर्ण विमानतळावर वाय-फाय बसवायचं काम दिलं. प्रवाशाला दर दिवसाला ७.९५ डॉलर. आता कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सचा तिथे प्रेसिडेंट्स क्लब होता. जागा मॅसपोर्टकडून रीतसर भाड्याने घेतलेली. कॉन्टिनेन्टलने त्या क्लबात स्वतःचा अँटेना बसवून सभासदांना वाय-फाय फुकट द्यायला सुरुवात केली. २००५ च्या उन्हाळ्यात मॅसपोर्टने कळवलं, अँटेना काढा. हवं तर आमच्या ठेकेदाराच्या जाळ्यावरून सेवा द्या, आणि अर्थात त्याचे पैसे भरा. कॉन्टिनेन्टलने अँटेना काढला नाही. जुलै २००५ मध्ये ती थेट एफसीसीकडे गेली.

मॅसपोर्टने भाडेकराराचा आधार घेतलाच, पण जोर दिला तो सुरक्षेवर. राज्य पोलीस आणि सुरक्षा यंत्रणा याच जाळ्यावर अवलंबून असणार आहेत. जो तो आपापला अँटेना लावत सुटला तर लहरींची सरमिसळ होईल आणि आणीबाणीत संपर्क तुटेल. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे लगेच उडवून लावू नये, कारण यात थोडं तथ्य आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत ११ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. एका टर्मिनलमध्ये पाच जणांनी पाच जाळी टाकली तर प्रत्येकाला दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघावी लागणार. वेग पडणार. हे प्रयोगशाळेत तासाभरात दाखवता येतं.

तरीही मॅसपोर्टची बाजू लंगडी होती, आणि कारण त्या १९८५ च्या दुसऱ्या अटीतच दडलेलं होतं. परवानामुक्त पट्ट्यात उपद्रव सोसायचा हाच नियम. ज्या पट्ट्यात कुणालाच संरक्षण नाही त्या पट्ट्यावर तुम्ही पोलिसांचा संपर्क उभा करता आणि मग संरक्षण मागता, हे बसत नाही. पोलिसांसाठी परवान्याचे पट्टे वेगळे आहेतच.

गंमत म्हणजे निकाल लागला तो आणखी वेगळ्याच नियमावर. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत एक गोष्ट केली होती. तिकडच्या गृहनिर्माण वसाहतींना छपरावर डिश अँटेना लावलेले आवडत नसत. शोभा जाते म्हणून बंदी घालायचे. (आपल्याकडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला बसला असाल तर चित्र डोळ्यांसमोर येईल.) कायद्याने ती बंदीच अवैध ठरवली. जागा तुमच्या एकट्याच्या ताब्यात असेल आणि अँटेना एक मीटरपेक्षा मोठा नसेल, तर घरमालक किंवा वसाहत तुम्हाला अडवू शकत नाही. २००० मध्ये एफसीसीने हाच नियम टीव्हीच्या पलीकडे नेऊन स्थिर बिनतारी सेवेच्या अँटेनांनाही लावला आणि त्यात भाडेकरूही आले. कॉन्टिनेन्टलचं म्हणणं एवढंच होतं की क्लबची जागा आमच्या ताब्यात आहे, अँटेना छोटा आहे, मग आम्ही आणि तो डिशवाला माणूस यांत फरक काय?

१ नोव्हेंबर २००६ रोजी एफसीसीने कॉन्टिनेन्टलच्या बाजूने निकाल दिला. सुरक्षेचा अपवाद लागू होत नाही, मध्यवर्ती अँटेनाची सोय आहे हाही अपवाद लागू होत नाही, आणि भाडेकरारातलं बंधन चालणार नाही. डिश अँटेनासाठी केलेल्या नियमाने विमानतळावरच्या वाय-फायची मालकी ठरली!

या निकालाची मर्यादाही बघा, कारण लोकप्रिय लेखांत ती हमखास सुटते. निकाल ‘हवा सर्वांची’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, जी जागा तुमच्या एकट्याच्या ताब्यात आहे तिथे घरमालक तुम्हाला अडवू शकत नाही. क्लबात विमान कंपनी जिंकली. बाहेर, गेटसमोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रवाशाच्या ताब्यात कुठलीच जागा नव्हती. तिथली हवा व्यवहारात विमानतळाचीच राहिली. आज क्लबात एक वाय-फाय आणि बाहेर दुसरं, असं आपण बघतो, त्यामागे ही विभागणी आहे.

पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्यांनी या खटल्याची कागदपत्रं एकदा उघडून बघावीत असं मी आवर्जून सांगेन. एफसीसीच्या संकेतस्थळावर डॉकेट ०५-२४७ या क्रमांकाखाली ती सापडतात. तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात सगळे निर्णय आपोआप झाल्यासारखे वाटतात. इथे मात्र विमान कंपन्या, विमानतळ आणि उद्योगांच्या संघटना एकाच चॅनेल-आकृतीवरून उलटसुलट दावे करताना दिसतात. आकडा तोच, पण वकील बदलला की अर्थ बदलतो.

बॉस्टनचा निकाल लागला तरी प्रवाशाचे पैसे काही लगेच वाचले नाहीत. ते वाचवले जाहिरातीने. डेन्व्हर विमानतळाने २००७ च्या अखेरीस शुल्क काढून जाहिरातींवर चालणारं फुकट वाय-फाय सुरू केलं. आणि लगेच नवी तक्रार आली: विमानतळ काही संकेतस्थळं गाळतोय. फुकट देणारा म्हणणार, काय बघायचं ते मी ठरवणार. मग २००९ च्या सुट्ट्यांच्या हंगामात गुगलने १० नोव्हेंबर ते १५ जानेवारी असं अमेरिकेतल्या ४७ विमानतळांवर वाय-फायचं बिल स्वतः भरलं. हंगाम संपल्यावर पुन्हा पैसे मागायला सुरुवात करणं किती अवघड जातं हे सांगायला नको. सिएटलसारख्या ठिकाणी ते कायमचं फुकट झालं. हळूहळू क्रेडिट कार्डचा रकाना पानावरून गेला आणि त्या जागी ईमेल पत्ता, वय, जाहिरातीची चित्रफीत आणि अर्ध्या तासाचं घड्याळ आलं.

याच काळात विमानतळांवर एक भूत फिरत होतं. लॅपटॉपच्या यादीत ‘फ्री पब्लिक वायफाय’ असं नाव दिसायचं. जोडलं तर जोडणी व्हायची, इंटरनेट मात्र मिळायचं नाही. हे नाव अमेरिकेतल्या कितीतरी विमानतळांवर दिसत होतं आणि ते कुणीच बसवलेलं नव्हतं.

कारण विंडोज एक्सपीमध्ये होतं. वाय-फायमध्ये ॲक्सेस पॉइंट नसतानाही दोन लॅपटॉप थेट जोडता येतात, त्याला ॲड-हॉक जाळं म्हणतात. एक्सपी अशा जाळ्याचं नाव लक्षात ठेवायचं. नंतर ओळखीचं कुठलंच जाळं सापडलं नाही की लॅपटॉप स्वतःच त्या नावाने जाळं उभारून बसायचा, मालकाला न विचारता. शेजारच्याला ते नाव दिसायचं. ‘फ्री’ शब्द बघून तो क्लिक करायचा. आता त्याचाही लॅपटॉप वाहक. तो शिकागोला उतरणार, तिथे आणखी दोघांना देणार. ज्यांनी साथीच्या रोगांची गणिती प्रारूपं शिकली आहेत त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. वाहक हिंडता, संपर्क दाट आणि लागण झालेल्याला काहीच लक्षण नाही. शिवाय यात विषाणूचा प्रोग्रॅम असा नव्हताच, पसरत होतं ते फक्त नाव. ‘सिंपल नोमॅड’ या टोपणनावाच्या सुरक्षा-संशोधकाने जानेवारी २००६ मध्ये ही खोड जाहीर केली. एक्सपीच्या पुढच्या दुरुस्त्यांनी ती बंद झाली, पण न दुरुस्त केलेले लॅपटॉप आणखी काही वर्षं ते नाव घेऊन फिरत राहिले. मला या प्रकरणात आवडतं ते हे: ७.९५ डॉलर मागणारं खरं वाय-फाय शेजारी नसतं तर ‘फ्री’ या शब्दावर इतके लोक भाळले असते का?

या भुताचा आणि पुण्याचा संबंध आहे. एअरटाइट नेटवर्क्स ही वाय-फाय सुरक्षेतली कंपनी प्रवीण भागवत यांनी काढलेली, मुळातलं नाव विभू टेक्नॉलॉजीज, आणि तिचं संशोधनाचं काम पुण्यात चालायचं. २००७ मध्ये याच कंपनीतल्या विवेक रामचंद्रन आणि सोहेल अहमद यांनी ‘कॅफे लाटे’ नावाचा हल्ला दाखवला. त्यात वेप पद्धतीची चावी काढायला मूळ ऑफिसजवळ जावंच लागत नाही. कॉफीच्या दुकानात किंवा विमानतळावर बसलेल्या लॅपटॉपकडूनच ती काढता येते. २००८ मध्ये एअरटाइटने १४ विमानतळांवर नुसतं हवेत काय चाललंय ते ऐकलं. निष्कर्ष फार वाईट होते. प्रवाशांची माहिती तर उघडी होतीच, पण विमानतळांवरची कामकाजाची बरीच खासगी जाळीही उघडी किंवा वेपसारख्या मोडलेल्या कुलपाने बंद केलेली होती. ‘भूत’ घेऊन फिरणारे लॅपटॉपही त्यांना सापडले.

त्याच २००८ सालात, पुण्यापासून तीन तासांवर, भारतातल्या लॉगिनच्या पानाचं भवितव्य ठरत होतं.

भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मोकळा केला. ब्रॉडबँड घराघरात येऊ लागलं आणि बरोबर वाय-फायचा राउटरही. बहुतेकांनी तो डब्यातून काढला तसाच लावला, पासवर्डशिवाय. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी प्रसारमाध्यमांना जबाबदारी घेणारा ईमेल आला. आयपी पत्त्याचा माग नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथे राहत होता एक अमेरिकी नागरिक, आणि त्याचं वाय-फाय उघडं होतं. ऑगस्टमध्ये असाच दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जाळ्यावरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरमधल्या एका कंपनीच्या जाळ्यावरून. नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरातली उघडी वाय-फाय जाळी शोधायची मोहीम जाहीर केली.

फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाचा आदेश निघाला. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय द्यायचं तर प्रत्येक वापरणाऱ्याची ओळख नोंदली पाहिजे. त्यासाठी दोन मार्ग दिले होते. एकतर फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत घ्या आणि वर्षभर ठेवा. नाहीतर लॉगिन आणि पासवर्ड त्याच्या मोबाइलवर एसएमएसने पाठवा, म्हणजे नंबर हीच ओळख, आणि तीही वर्षभर जपा. दिवसाला हजारो माणसं ये-जा करतात तिथे झेरॉक्स काढत कोण बसणार? सगळ्यांनी दुसरा मार्ग धरला. विमानतळावरचा ओटीपी आला तो हा असा. पुढे २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर रेलटेल आणि गुगलचं फुकट वाय-फाय सुरू झालं, तिथेही तोच नंबर आणि तोच ओटीपी.

म्हणजे एकसारखंच दिसणारं पान, पण वंशावळ वेगळी. अमेरिकेतलं पान घरमालकाच्या भाड्यातून आलं, आपलं पोलीस तपासातून. तिथे रकान्यात आधी क्रेडिट कार्ड होतं, इथे सिमकार्ड. आणि सिमकार्डाची ओळख धरण्यात एक विचित्र अडचण बसलेली आहे. विमानतळावरच्या वाय-फायची सगळ्यात जास्त गरज कुणाला असते? नुकत्याच उतरलेल्या, भारतीय सिम नसलेल्या माणसाला. परदेशातून परिषदेला आलेला संशोधक किंवा लेकाकडे सहा महिने राहून परतलेले, सिम बंद पडलेले आजी-आजोबा. त्यांना ओटीपी येणार कुठे? म्हणून मग काही विमानतळांवर पासपोर्ट दाखवून कोड मिळायची सोय करावी लागली. म्हणजे आदेशातला पहिला मार्ग, मागच्या दाराने.

आदेश काढणाऱ्यांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. सानपाड्याची घटना खरी आहे आणि एका निरपराध माणसाला संशयिताच्या खुर्चीत बसावं लागलं हेही खरं. पण सानपाड्यातलं, माटुंग्यातलं, चेंबूरमधलं जाळं खासगी होतं. ते बंद झालं पासवर्डने. नोंदीचा रकाना कायमचा चिकटला तो सार्वजनिक वाय-फायला. मूळ घटना आणि उपाय यांच्यातलं हे अंतर कुणीतरी नीट मोजायला हवं. राज्यशास्त्र किंवा कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी इथे चांगला विषय पडून आहे.

नोंद ठेवली की ती कुणीतरी वापरतं. ३० जानेवारी २०१४ रोजी कॅनडाच्या सीबीसीने एडवर्ड स्नोडेनकडून आलेलं एक सादरीकरण प्रसिद्ध केलं. कॅनडाच्या गुप्तवार्ता संस्थेने २०१२ च्या सुमारास एका मोठ्या विमानतळावरच्या फुकट वाय-फायची दोन आठवड्यांची माहिती घेऊन, ती उपकरणं पुढचे दिवस हॉटेलं, कॅफे, ग्रंथालयं, इतर विमानतळ अशी कुठे कुठे दिसली याचा माग काढला होता. संदेशातला मजकूर नाही, फक्त कोण कुठे जोडलं गेलं एवढंच. त्याच वर्षी ॲपलने आयफोनचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक पत्ता, जाळी शोधताना बदलता ठेवायला सुरुवात केली. पुढे जोडणी करतानाही बदलता पत्ता वापरणं रूढ झालं. त्याचा एक बारीक परिणाम असा की, ‘अर्धा तास फुकट’ मोजणारी घड्याळं याच पत्त्यावर चालायची, तीही गडबडली.

आणि आता तो शेवटचा प्रश्न: पान कधी कधी उघडतच नाही, ते का?

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी सॅन दिएगोच्या टूरकॉन परिषदेत फायरशीप नावाची ब्राउझरची जोड प्रसिद्ध केली. उघड्या वाय-फायवर बसून एका क्लिकवर शेजाऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरता येत होतं. तज्ज्ञांना हा धोका आधीपासून माहीत होता, पण आता तो कुणालाही दिसू लागला. मोठ्या संकेतस्थळांनी झपाट्याने एचटीटीपीएस सगळीकडे लावलं. दिवे नसलेल्या रस्त्यावर प्रत्येक गाडीने स्वतःचा दिवा लावला म्हणा. पण एचटीटीपीएसचा अर्थच असा की मधल्या कुणालाही पान बदलता येणार नाही. कॅप्टिव्ह पोर्टल तर पान बदलण्यावरच जगतं. ब्राउझरच्या नजरेतून टोलनाकेवाला आणि चोर सारखेच दिसतात, आणि तो दोघांनाही हाकलतो.

म्हणून फोनच्या आत एक छोटी युक्ती चालते. नव्या जाळ्याला जोडलं की आयफोन ॲपलच्या एका साध्या, बिनकुलपाच्या पानाला हाक मारतो. त्यावर ‘सक्सेस’ एवढाच शब्द असायला हवा. अँड्रॉइड गुगलकडे असं पान मागतं ज्याचं ठरलेलं उत्तर कोरं असतं, कोड २०४. उत्तर वेगळं आलं की फोन समजतो, मध्ये कुणीतरी खोटं बोलतंय, म्हणजे इथे लॉगिनचं पान असणार. मग तो स्वतःहून ती छोटी खिडकी उघडतो. ही खिडकी हुकली की आपण अडकतो.

खोटं बोलायला न लावता पानाचा पत्ता सरळ सांगायची सोय इंटरनेटच्या मानकांत डिसेंबर २०१५ मध्ये आली. आयपी पत्ता देतानाच जाळ्याने सांगायचं, लॉगिन इथे आहे. त्यासाठी निवडलेला पर्याय क्रमांक होता १६०. नंतर लक्षात आलं की तोच क्रमांक ऑफिसातले पॉलिकॉमचे फोन आधीपासून वेगळ्याच कामाला वापरतायत. सप्टेंबर २०२० मध्ये सुधारित मानक आलं आणि क्रमांक ११४ झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये भारत सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली, ज्यात ओळख एकदाच ॲपमध्ये पटवायची आणि मग कुठल्याही दुकानाच्या वाय-फायला तेवढ्यावर जोडायचं. दोन्ही गोष्टी आल्या तेव्हा महामारीमुळे विमानतळ जवळजवळ ओस पडलेले होते. गर्दी परतली तोवर बहुतेकांच्या फोनमध्ये ४जीचा भरपूर डेटा होता. मुंबईच्या विमानतळावरचं पान अजूनही मोबाइल नंबरच मागतं.